आईचं ताट संपेपर्यंत

हॅलो?

हॅलो… हां, बोल बारके. बोल.

…काय झालं? रडतेयस का तू? कशाला?

…कुठला फोटो?

…बेचाळीस? कोणाचं बेचाळीस?

थांब. थांब, थांब, थांब. तुला वजनकाट्याचा फोटो कोणी पाठवला? …भावोजींनी?

अहो! …अहो, इकडे या जरा! तुम्ही आईच्या काट्याचा फोटो सगळ्यांना टाकलात? …'प्रगती दाखवायला'! अहो, काय दाखवलंत बघा, बारकी तिकडे रडून लाल झालीय. …नाही, आता पुसून काय उपयोग? ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं. जा, ते बटाटे खाली लागतील, बघा.

हां, बारके. ऐक. तो आकडा खोटा आहे.

…अगं, काटा खरा आहे, आकडा खोटा आहे. ऐक ना. आई काट्यावर उभी होती ना, तेव्हा तिचे दोन्ही हात कुठे होते? …वॉकरवर! आणि वॉकर कुठे होता? …जमिनीवर. कळलं? बेचाळीस किलो आई काट्यावर, सहा किलो वॉकरवर. मिळून एकच आई.

…हो, हसू दे. हसलीस ना? नाक पूस आता.

खरं वजन अठ्ठेचाळीस किलो दोनशे. कालच व्यायामाच्या बाईंच्या दवाखान्यात नेऊन केलं. तिथे खुर्चीचा काटा आहे, बसून होतं वजन. मागच्या आठवड्यात सत्तेचाळीस सहाशे होतं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा… पंचेचाळीस आठशे. वाढतंय गं. हळूहळू वाढतंय, पण माप चढतंय.

…मी तुला दिलासा देत नाहीये. मी कधी कोणाला दिलासा दिलाय? वीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, ज्याला येत नाही त्याला तोंडावर सांगते येत नाही.

…काय?

…जागा? कुठे सापडली?

…बारके, तू त्या वृद्धाश्रमाला फोन केलास? आज? मला न विचारता?

…अगं, मग त्या फोटोवरून एकदा मला तरी विचारायचंस! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

…खिडकीजवळची खाट. बरं. …चोवीस तास नर्स. बरं. …पाच वाजेपर्यंत हो-नाही सांगायचं. आणि नाही सांगितलं तर?

…दुसऱ्या कोणाला देणार. मग देऊ देत की!

नाही, मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे. गाडीत बसून बसून झालाय. …हो, हो… अगं ऐक ना. आपलं काय ठरलं होतं? दवाखान्याच्या जिन्यात, तू गाडी पकडायच्या घाईत होतीस, तेव्हा काय ठरलं? …मीच सांगते. सहा आठवड्यांनी बघायचं. वजन उतरत राहिलं आणि खाटेपासून जेवणाच्या टेबलापर्यंत ती आपल्या आपण चालून आली नाही, तर वृद्धाश्रम. मी हो म्हटलं होतं. मी शब्द फिरवणारी नाही.

…हो, सहा आठवडे आजच होतात. माहितीय मला.

…वजनाचं झालं ना आत्ता.

…

चालायचं… चालतेय ती. …टेबलापर्यंत? …फ्रीजपर्यंत आली परवा.

…हो, माझा हात धरून.

…हात म्हणजे एक बोट, बारके. एकच बोट लावलं होतं पाठीला.

…बरं बाई, बोट म्हणजे हातच. तू वकील व्हायला हवी होतीस, उगाच शाळेत गेलीस शिकवायला. नाही आली अजून टेबलापर्यंत. मी खोटं बोलणार नाही. खाटेपासून टेबल अठरा पावलं आहे, तिची बारा झाली आणि मग ती दमली. पण येईल. मला ठाऊक आहे येईल.

…कशावरून म्हणजे? आता ती खातेय त्यावरून!

…दवाखान्यात नव्हती खात. तेव्हा एक घास खात नव्हती ती, बारके.

…हो, चार्टवर 'पूर्ण' लिहायचे, तुला मी त्याचेच फोटो पाठवायचे. सकाळ पूर्ण, दुपार पूर्ण, संध्याकाळ पूर्ण. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

…तुला नव्हतं सांगितलं. …कारण मला लाज वाटत होती. हो, मला. वाटते कधीकधी मलासुद्धा.

ऐक, आता सांगते. मध्ये बोलू नकोस. …बघ, बोललीस.

पायाच्या हाडाच्या ऑपरेशननंतर ती त्या आठ खाटांच्या खोलीत होती ना? बारा वाजता जेवणाची गाडी यायची, साडेबाराला ताटं उचलायला मावशी यायच्या. रिकामं दिसलं की 'पूर्ण', अर्धं राहिलं की 'अर्धं'. त्यांचं काही चुकलं नाही, त्या ताट बघायच्या. मी बारा ते दोन शिकवण्या करायची, तेव्हा जेवायच्या वेळेला मी कधीच नव्हते तिथे. संध्याकाळी जायची, चार्ट बघायची, खूश. नवव्या दिवशी तिचं वजन घेतलं. बावन्न किलोची आई सत्तेचाळीसवर आलेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालंय, सळई नीट बसलीय, मग ही उभी का राहत नाही? व्यायामाला उठवलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी म्हटलं, अहो, ताट तर रोज रिकामं असतं!

मग दहाव्या दिवशी माझी एक शिकवणी रद्द झाली. सव्वाबाराला पोचले मी. आणि दारातून काय बघते, आईचं उकडलेलं अंडं शेजारच्या खाटेवर.

…त्या पोस्टात होत्या ना, त्या आजींच्या ताटात! दही खिडकीजवळच्या बाईंकडे. पाव कोणाकडे, मासा कोणाकडे. आणि आपल्या मातोश्री उशीला टेकून, हात पोटावर, सगळ्या खोलीवर नजर ठेवून बसलेल्या. "त्या कोपऱ्यातलीला अजून द्या गं कोणीतरी, तिचं संपत आलंय."

…हो! अगदी तशीच! वसतिगृहातल्यासारखी!

पोस्टातल्या आजी मला म्हणतात, "तुमच्या आईचं पार्सल रोज वेळेवर पोचतं हो." त्यांना वाटलं आईला पथ्य आहे. त्यांचं वजन दीड किलोने वाढलं बारके, त्या आईच्या आधी घरी गेल्या! चालत!

…हस, हस. मी पण हसले होते आधी. मग बाहेर जाऊन रडले.

…कारण तिला विचारलं ना मी. म्हटलं, आई, तू का नाही खाल्लंस? तर मला म्हणते, "अगं, सगळ्यांचं होऊ दे की. मग बसते मी." सगळ्यांचं होईपर्यंत गाडी परत जायची. रोज. आणि ताट उष्टं परत पाठवायचं तिच्या जिवावर यायचं, म्हणून वाटून टाकायची. एकतीस वर्षं दोनशे मुलींचं जेवण रांधलं तिने. शेवटची मुलगी उठल्याशिवाय स्वयंपाकिणीने ताट घ्यायचं नाही, हा तिचाच नियम, कोणी लावला नव्हता तिला. हाड मोडलं तरी नियम नाही मोडला.

आणि घरी काय वेगळं होतं गं? आठव ना. आपण शाळेतून यायचो, जेवायचो, ताट सरकवून खेळायला पळायचो. ती आपल्यानंतर काय खायची, तू कधी मागे वळून बघितलंस? मी नाही बघितलं. एकदाही नाही. पातेल्यात काय उरलंय ते मला कधी माहीतच नव्हतं. …म्हणून लाज वाटत होती. झालं? सांगितलं.

…

…बारके?

…हां. नको रडूस आता. ती गोष्ट झाली. पुढचं ऐक, पुढचं चांगलं आहे.

मग त्या आहारतज्ज्ञ मॅडम आल्या, चष्म्यावाल्या. फार हुशार. त्यांनी सांगितलं, हाड डॉक्टरांनी जोडलं, पण पाय उचलायचा तो स्नायूंनी, आणि ते ताटातूनच येणार. आडवं पडून राहिलं की म्हाताऱ्या माणसाचं मांस बघता बघता झडतं. म्हणजे आपण काय करत होतो, टाकीत थेंब नाही आणि गाडी ढकलत होतो. वर गाडीलाच बोलत होतो, चालत का नाहीस म्हणून.

…ताकदीची पावडर दिली ना त्यांनी. तो मोठा डबा. तो पहिल्या आठवड्यात निम्मा संपला, मी खूश. तर ती तुझ्या भावोजींच्या चहात घालत होती! "ते फार वाळलेत गं." ते! वाळलेत! दारातून आडवं होऊन जावं लागतं त्यांना!

…मग काय, समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. ओरडले. मॅडमनी ओरडून बघितलं. पुढे केलं की म्हणायची, "भूक नाही." आणि खरंच नसायची बहुतेक, ऑपरेशननंतर मरतेच म्हणे भूक. त्यात वजन उतरल्यामुळे कवळी सैल झालेली, चावताना टोचायची, तेही बोलली नाही. मीच बघितलं हिरडीला काय झालंय ते. ते दातांचे डॉक्टर माझ्याकडे गाडी शिकतात ना, त्यांना तीन महिने झाले रिव्हर्स येत नाही, पण कवळी एका दिवसात बसवून दिली. …हो, अजून येत नाही. परवा माझाच बंपर ठोकला.

तर. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हटल्यावर मी बोट वाकडं केलं. तिचाच नियम उलटा फिरवला. घरी आणून दोन आठवडे झाले, त्या दुपारी टेबलावर सगळं मांडलं, तिचं ताट तिच्या खाटेवर ठेवलं, आणि सांगितलं, आई, तुझं ताट संपल्याशिवाय या घरात कोणी घास घेणार नाही. मी नाही, हे नाहीत.

…अगं, खरंच नाही! नाटक कसलं? पहिल्या दिवशी साडेतीन वाजले. साडेतीन! तिचं आपलं, "तुम्ही बसा गं, मी नंतर घेते." आम्ही ढिम्म. तुझ्या भावोजींचं पोट इतक्या मोठ्याने वाजलं ना, की ती खाटेवर दचकली. म्हणे, "अगं, माणूस भुकेला बसलाय!" मी म्हटलं, बसू दे. जी बाई दोनशे मुलींपैकी एकीलाही उपाशी झोपू देत नव्हती, तिच्या डोळ्यांसमोर जावई उपाशी. उचलला की चमचा! मला शिव्या देत देत खाल्लं. प्रत्येक घासाला एक शिवी. म्हटलं, दे, पोटात काहीतरी जातंय ना.

…हो, ब्लॅकमेलच. मग? मी कुठे नाही म्हणतेय?

…चार आठवडे. एक दिवस सुटला नाही. भावोजींचा पट्टा एक भोक आत आला, त्यांना म्हणावं मजा म्हणून त्याचा फोटो टाका.

आता तर तिचं तिला कळतं. सकाळी अंडं आणि दूध, त्यात आणखी दुधाचीच पावडर ढवळून, म्हणजे पेला तेवढाच पण माल जास्त. ताट भरून ठेवलं की ती घाबरते, म्हणून थोडं थोडं, दर तीन तासांनी. आणि व्यायामाच्या बाई यायच्या आधी अर्धा पेला काहीतरी पोटात हवंच, नाहीतर मी त्यांना दारातच थांबवते. बटाट्यात लोणी, सुपात चीज. "एवढं लोणी! तीस मुलींचं झालं असतं," म्हणते. पण खाते.

…तिथलं जेवण वाईट असेल असं मी म्हणतच नाहीये.

…असेल गं, स्वयंपाकी चांगला असेल. नर्सही चांगल्या असतील. पण किती माणसं आहेत तिथे? …साठ. साठ! बारके, तिला साठ माणसांच्या जेवणाच्या खोलीत बसवशील? एकसष्टावी जेवेल ती. एकोणसाठ जणांचं होईपर्यंत थांबेल, साठाव्याला आपलं अंडं देईल, आणि कोणीतरी बिचारी लिहील 'पूर्ण'.

…

हां. पटतंय ना?

…मी दमत नाही का? दमते की. परवा धुतलेले कपडे फ्रीजमध्ये ठेवले मी. पण हे मला कळतं गं. हे माझ्या हातातलं काम आहे. तुला वाटतं मी हट्टाने बोलतेय, पण मी बघितलंय ना रोज, तिच्या मांडीला परत आकार येतोय. आधी मालिश करताना नुसतं हाड लागायचं हाताला.

…हो, अट ती अट. पाच वाजेपर्यंत वेळ आहे ना? …किती वाजले? …अगं बाई, दोन वाजत आले? जेवणं राहिली आमची. तुझ्या फोनपायी आईचं ताट वाढायचं राहिलं.

अहो, झाले का बटाटे? …वाढा मग. …तुमच्या पोटाचा आवाज बारकीला ऐकू येतोय फोनमधून.

…नाही, अजून नाही जेवलो कोणी. तिचं झाल्याशिवाय कसे जेवणार? तू? …तू पण नाही? …दोन वाजता? सकाळपासून? अगं, असलं काय करतेस! एकीचं ताट बघता बघता माझ्या नाकी नऊ आलेत, आता तुझंही…

…थांब हं.

आई हाक मारतेय. …काय गं आई? …बारकीचा फोन आहे! …हो, बरी आहे. …जेवली का? नाही जेवली म्हणतेय. …नाही गं, सकाळपासून नाही. …मी काय करू? मीही नाही जेवले!

…बघ, विचारतेय, "तुमची जेवणं माझ्यासाठी अडलीत का?" …हो आई, तुझ्यासाठीच! वाढतायत, थांब, मी ताट घेऊन येते तिकडे.

…काय?

बारके, फोन ठेवू नकोस. …आई उठतेय.

…नाही, खाटेवरून उठतेय. कोणी सांगितलं नाही तिला. वॉकर ओढला तिने जवळ. …अहो! अहो, तसेच थांबा. पुढे नका येऊ. तिच्या मागे जाऊन नुसते उभे राहा. …खुर्ची घेऊन. हात नाही लावायचा! हात लावाल तर याद राखा.

…ऐकू येतंय? …तो वॉकरचा आवाज. टक्… हां. …नाही, मी नाही बोलत तिच्याशी. शिकणारा गिअर टाकत असला की शेजारच्याने ब्रेकवर पाय ठेवून गप्प बसायचं असतं.

…दार ओलांडलं. …सहा. …सात. थांबली. …नाही, दम घेतेय. बोलतेय काहीतरी. …"पोरी उपाशी ठेवल्यात," म्हणतेय. मलाच शिव्या. …नऊ.

…अकरा. बारके, फ्रीज आला. …बारा.

…

…थांबली आहे. फ्रीजला नाही टेकली गं. बघतेय माझ्याकडे. …नाही, मी हात नाही दिला. दोन्ही हातांत फोन धरलाय मी. …तू नको श्वास रोखूस, तिला घेऊ दे.

…तेरा!

…चौदा. …हो. …पंधरा. …अगं, रडत नाहीये मी, बटाट्याची वाफ आहे. …सोळा. …अहो, खुर्ची! खुर्ची टेबलाची, ती नव्हे!

…अठरा नाही गं, वीस लागली. छोटी टाकते पावलं. …बसली. बसली, बारके. टेबलाशी बसली.

…

…हो. कोणाचंही बोट नाही.

…बोलायचंय तिच्याशी? …आई, बारकी म्हणतेय… आई? …ती ऐकतच नाहीये गं. ताट ओढलं तिने पुढ्यात. …'वाढा' म्हटलं नाही, 'तुम्ही आधी बसा' म्हटलं नाही. आम्ही दोघं उभे आहोत आणि ती…

…चमचा घेतला. सुरू केलं तिने. आमच्या आधी. न सांगता, बारके. जन्मात पहिल्यांदा.

…हो. …हो गं. …थांब, फोन ताटाजवळ धरते. ऐक.

…

…ऐकलंस? ती वाटी खरवडतेय. सूप संपलं.

…काय आई? …बरं, सांगते. …बारके, ती म्हणतेय, "माझं होतच आलंय, तिला म्हणावं, वाढून घे."

…हां. मग घे ना वाढून. आणि त्या लोकांना फोन कर. पाचची वाट नको बघूस, आत्ताच कर. खिडकीजवळची खाट चांगली आहे, ज्याला हवी त्याला मिळू दे.

…नाही, आधी जेव. मग फोन.

…ठेवते मी. ताट रिकामं झालंय तिचं, आणि मला सपाटून भूक लागलीय.